काळ्या हातांचा निवाडा

डोंगरापलीकडे काय आहे हे ज्या काळी फक्त पाखरांना आणि तांडेवाल्यांना ठाऊक असे, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी. आणि आपण आता मोठे झालो असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर जरूर ऐकावी.

दोन डोंगरांच्या बेचक्यात एक गाव होतं. गावाच्या वरच्या अंगाला देवराई होती. तिथल्या झाडाची काटकीसुद्धा कुणी घरी नेत नसे. देवराईच्या मधोमध एक जुनाट बिब्ब्याचं झाड होतं आणि त्याच्या बुंध्याशी गावाचा झरा होता.

बिब्बा हे झाड साधं नव्हे. त्याचा चीक अंगाला लागला की कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात, आणि जिथे चीक लागला तिथे काळा डाग पडतो. गावचा परीट बिब्ब्याच्या फळातल्या चिकानेच लुगड्यांच्या काठावर खुणा करायचा. बाकीचे लोक त्या झाडाच्या सावलीतूनही अंग चोरून जायचे.

देवराईच्या तोंडाशी एक उभा दगड होता. त्यावर कुणा पूर्वजाने एक ओळ कोरून ठेवली होती :

‘जो या बिब्ब्यास कुऱ्हाड लावील, त्याचे हात काळे होतील.’

शिक्षाही ठरलेली होती. देवराईत कुऱ्हाड चालवणाऱ्याने सूर्य मावळायच्या आत घरच्या माणसांसह गावाची शीव ओलांडायची. पुन्हा मागे वळायचं नाही. आजवर ती शिक्षा कुणाला झाली नव्हती, कारण आजवर कुणी कुऱ्हाड लावलीच नव्हती.

एके सकाळी गुरव देवराईतल्या देवीची पूजा करायला गेला आणि धापा टाकत परत आला.

“बिब्बा पडला!” तो ओरडला. “झऱ्यावर आडवा पडलाय. चीक वाहतोय नुसता. कुणीतरी तोडला!”

लोक चावडीसमोर जमले. पाटील आले. कुणी म्हणालं, देवी कोपणार. कुणी म्हणालं, झऱ्याचं पाणी आता विषारी होणार. मग एक आवाज आला, कुणाचा ते कळलं नाही : “दगडावर काय लिहिलंय? हात बघा की एकेकाचे!”

आणि त्या क्षणापासून गाव बदललं.

काल एकमेकांच्या ताटात जेवलेली माणसं एकमेकांच्या हातांकडे बघू लागली. बायकांनी हात पदराखाली घेतले, तर शेजारणी कुजबुजल्या, “झाकतेय बघ.” एकाने हात पुढे करून दाखवले. ते स्वच्छ होते. लगेच दुसरा म्हणाला, “सकाळी सकाळी इतके घासून धुतलेस कशाला रे?” घाबरून ज्याने हात मागे घेतले तो संशयित ठरला, आणि न घाबरता ज्याने पुढे केले तो जास्तच निर्ढावलेला ठरला.

या गावात ठमा नावाची रंगारीण होती. तीन वर्षांपूर्वी नवरा वारल्यावर ती लेकीला घेऊन खालच्या मुलखातून इथे आली होती. मंजिष्ठेच्या मुळ्यांतून ती लाल रंग काढायची आणि निळीचा एक रांजण तिने तीन वर्षं जपला होता. निळीचं आंबवण दही-विरजणासारखं असतं. ते रोज ढवळावं लागतं, ऊब द्यावी लागते, जुन्यातलं राखून नव्यात घालावं लागतं. गावातल्या प्रत्येक नवरीचं लुगडं ठमाच्या हातून रंगून गेलं होतं. पण गावात ती अजून ‘बाहेरची’च होती. तिची लेक सगुणा मधल्या काळात लग्न होऊन सासरी गेली होती आणि आता बाळंतपणाला आली होती. नववा महिना भरत आला होता.

ठमाचे हात एरवी लाल किंवा निळे असत. त्या दिवशी ती चावडीपाशी आली तेव्हा ते मनगटापर्यंत काळेकुट्ट होते.

 तिच्याभोवतीची जागा आपोआप मोकळी झाली.

“हे काय आहे, ठमाबाई?” पाटलांनी विचारलं.

“हिरडा आहे, पाटील,” ठमा म्हणाली. “हिरड्याच्या काढ्यात लोखंडाच्या गंजाचं पाणी घातलं की काळा रंग होतो. तांड्यातल्या बायांना काळी लुगडी हवी होती. चार दिवस तेच करतेय.”

“कुठायत ती लुगडी?”

“तांडा आज उजाडताच गेला. घेऊन गेले.”

“वा!” गुरव म्हणाला. “लुगडी गेली आणि हात तेवढे राहिले!”

मग ठमाची शेजारीण तुळसा पुढे आली. दोघींच्या घरांमध्ये एक भिंत होती. एकीच्या चुलीवरचं कालवण दुसरीकडे जायचं. तुळसाने मान खाली घातली आणि म्हणाली, “मला खोटं बोलता येत नाही, पाटील. परवा दुपारी ठमा देवराईकडे जाताना मी पाहिली. हातात कोयता होता.”

ठमाने तिच्याकडे पाहिलं. 

“आणखी काय पाहिजे?” लोक म्हणाले. “हात काळे, देवराईकडे गेली, हातात कोयता. झालं!”

लोकांचा लोंढा ठमाच्या घराकडे निघाला. कोयता सापडला. तो हिरड्याच्या फांद्या वाकवायला आणि फळं तोडायला ठेवलेला होता, पण ते कोण ऐकणार! कुणीतरी मंजिष्ठेची मडकी लाथाडली. निळीच्या रांजणात कुऱ्हाड लपवली असेल म्हणून दोघांनी तो कलता केला. रांजण निसटला आणि दगडावर आपटून फुटला. तीन वर्षांची नीळ अंगणात सांडली, मातीत मुरली. आत कुऱ्हाड नव्हती. पण त्यामुळे कुणाचा संशय कमी झाला नाही. “दुसरीकडे पुरली असेल,” लोक म्हणाले.

सगुणा दारात उभी होती. एक हात पोटावर आणि एक हात चौकटीवर धरून ती हे सगळं बघत होती. तिच्या पोटात कळ आली आणि ती खाली बसली.

पाटलांनी चावडीवर परत येऊन निकाल दिला. “ठमाबाई, सूर्य मावळायच्या आत शीव ओलांडायची. लेकीला घेऊन.”

“तिचे दिवस भरत आलेत, पाटील. डोंगर कसा उतरेल ती?”

पाटलांनी नजर दुसरीकडे वळवली. “नियम माझा नाही. दगडावरचा आहे.”

सगुणाला कळ आल्याचं कुणीतरी राहीआजीला सांगितलं होतं. राहीआजी गावची सुईण. गावातली निम्मी माणसं तिच्या हातांवर या जगात आलेली, पाटीलसुद्धा. तिने सगुणाचं पोट चाचपलं, “अजून वेळ आहे, ही भीतीची कळ आहे,” असं म्हणाली, तिला पाणी पाजलं, आणि काठी टेकत तशीच चावडीवर आली.

“पाटील,” ती म्हणाली, “पहिला श्वास घ्यायला तुला माझ्या चापट्या लागल्या होत्या. म्हणून तुला ‘अरे-तुरे’ करते, राग धरू नको. मला एक सांग. दगडावर काय लिहिलंय?”

“सगळ्या गावाला पाठ आहे, आजी. ज्याचे हात काळे, त्याने बिब्बा तोडला.”

“असं लिहिलंय?”

पाटलांनी ओळ मनात म्हणून पाहिली. “म्हणजे... जो बिब्ब्याला कुऱ्हाड लावील, त्याचे हात काळे होतील.”

“मग आधी वेगळंच का बोललास?”

“एकच की ते!”

“एकच?” राहीआजीने आजूबाजूला पाहिलं. शेजारच्या घरापुढे पाण्याची घागर भरलेली होती. तिने ती कलती करून चावडीच्या अंगणात भसकन पाणी ओतलं. लोक मागे सरले. “अंगण ओलं झालं की नाही?”

“झालं.”

“पाऊस पडला?”

कुणीतरी हसलं. पाटील म्हणाले, “तुम्हीच ओतलंत की!”

“पण पाऊस पडला तर अंगण ओलं होतं, हे खरं ना?”

“खरं.”

“आणि अंगण ओलं आहे, हेही खरं?”

“तेही खरं. पण सड्यानेही ओलं होतं, सांडलेल्या पाण्यानेही होतं.”

“हेच मी म्हणते,” राहीआजी म्हणाली. “अशा प्रत्येक बोलण्याला दोन अंगं असतात. एक असते अट आणि दुसरं तिचं फळ. ‘पाऊस पडला’ ही अट. ‘अंगण ओलं होईल’ हे फळ. अट पुरी झाली की फळ मिळणार, असा तो शब्द आहे. पण फळ दिसलं म्हणून हीच अट पुरी झाली, असा शब्द कुणीही दिलेला नाही. आता दगडावरच्या ओळीत अट कुठली ते सांग.”

“दगडावर जर-तर काही नाहीच, आजी,” गुरव मधेच म्हणाला.

“लिहिलेलं नसेल, पण आहे. ‘जो लावील, त्याचे होतील.’ म्हणजे काय? जर कुणी कुऱ्हाड लावली, तर त्याचे हात काळे होतील. सांग आता, अट कुठली?”

“कुऱ्हाड लावणं,” पाटील सावकाश म्हणाले.

“आणि फळ?”

“हात काळे होणं.”

“आणि मी असं म्हटलं, ‘हात काळे होतील, कुऱ्हाड लावलीत तर’. मग अट कुठली?”

“हात का...” पाटील म्हणता म्हणता थांबले.

गर्दीत उभी असलेली लोहाराची बायको हळूच म्हणाली, “तरीसुद्धा कुऱ्हाडच. आधी बोललं म्हणून काय ती अट होत नाही.”

“शहाणी आहेस,” राहीआजी म्हणाली. “तुम्ही सगळ्यांनी सकाळपासून फळ धरलंय हातात, आणि त्यालाच अट समजून एका बाईला गावाबाहेर काढायला निघालात. काळे हात तर लोहाराचेही आहेत.”

हे ऐकल्यावर लोकांचा संशय कमी व्हायला हवा होता. पण संशय असा सहजासहजी घरी जात नाही. सगळ्या माना लोहाराकडे वळल्या. “खरंच की,” कुणी म्हणालं. “आणि कुऱ्हाडीही याच्याचकडे असतात.”

“माझे हात कोळशाने काळे आहेत!” लोहार घाबरून ओरडला. “जन्मापासून बघताय तुम्ही!”

“तिचेही तीन वर्षं बघतोय,” राहीआजी म्हणाली. “रोज वेगळ्या रंगाचे.” मग तिने काठी आपटली. “अरे, एकाला सोडवायला गेले तर तुम्ही दुसऱ्याला धरता? आणि ही तुळसा. काय म्हणालीस गं?”

तुळसा पुढे आली. “मी डोळ्यांनी पाहिलं, आजी. ठमा देवराईकडे गेली होती.”

“गेली असेलच. बिब्बा तोडणारा देवराईकडे जाणार, हे खरं आहे. पण देवराईकडे जाणारा प्रत्येक जण बिब्बा तोडतो? गुरव रोज जातो. तू स्वतः पाण्याला जातेस. हिरड्याची झाडंही त्याच वाटेवर आहेत.”

 तुळसा पदराचं टोक पिरगाळू लागली.

पाटील विचारात पडले होते. माणूस तसा वाईट नव्हता. फक्त घाईत होता, आणि गाव त्याच्याकडे बघत होतं. ते म्हणाले, “ठीक आहे, आजी. काळ्या हातांवरून ठमाबाईने झाड तोडलं हे ठरत नाही. पण तिने तोडलं नाही, हेही कुठे ठरतं?”

“हा प्रश्न बरोबर विचारलास,” राहीआजी म्हणाली. “ते यावरून ठरत नाही. त्यासाठी दुसरीकडून जायला हवं. परटा, इकडे ये रे. बिब्ब्याची खूण कापडावरून कशाने जाते?”

“कशानेच नाही, आजी,” परीट म्हणाला. “राखेने नाही, रिठ्याने नाही, लिंबाने नाही. कापड फाटतं, खूण तशीच.”

“आणि कातडीवरची?”

“कातडी सोलून नवी येईपर्यंत. आणि आधी फोड येतो, आग होते, दोन-दोन रात्री झोप नाही. हे बघा.” त्याने स्वतःचा अंगठा दाखवला. तिथे एक जुना, करपल्यासारखा डाग होता.

“सगळ्यांनी ऐकलं? डाग जर बिब्ब्याचा असेल, तर तो लिंबाने जाणार नाही. यातली अट कुठली?”

या वेळी चार-पाच जण एकदम म्हणाले, “डाग बिब्ब्याचा असणं.”

“फळ?”

“लिंबाने न जाणं.”

“आता नीट ऐका. अट पुरी झाली असती, तर फळ मिळालंच असतं. तेव्हा फळ जर मिळालं नाही, तर अट पुरी झालीच नव्हती. एवढं मात्र तुम्ही खुशाल म्हणा. आणा एक लिंबू.”

लोहाराच्या बायकोने आपल्याच परसातलं लिंबू आणलं. राहीआजीने ते कापलं आणि ठमापुढे धरलं. ठमाने हात पुढे केले.  कुणी न सांगताच लोक जवळ आले होते. ज्यांनी तिच्याभोवती जागा मोकळी सोडली होती तेच आता खांद्याला खांदा लावून वाकून बघत होते.

राहीआजीने अर्धं लिंबू ठमाच्या उजव्या तळव्यावर चोळलं. काळा रस ओघळला. तिने पुन्हा चोळलं, पदराने पुसलं. काळा रंग आधी करडा झाला, मग पिवळट. आणि मग तळव्याच्या रेषा दिसू लागल्या. फोड नव्हता. सूज नव्हती. कष्टाने जाड झालेला एका बाईचा तळवा होता तो.

“हिरडाच होता की,” परीट हळू आवाजात म्हणाला.

 मग गुरवाने तोंड उघडलं, “पण मग तोडलं कुणी?”

आणि झालं! माना पुन्हा वळू लागल्या. नजरा पुन्हा हातांवर फिरू लागल्या. शेजारी शेजाऱ्यापासून अर्धं पाऊल सरकला. कुणी म्हणालं, लिंबाने एकेकाची परीक्षा घ्या. सगळ्यांनी एकमेकांचे हात उलटसुलट करून पाहिले. आज न आलेल्या म्हाताऱ्यांना घरी जाऊन पाहून आले. बिब्ब्याचा ताजा डाग, ताजा फोड कुणाच्याच हाताला नव्हता.

“तेल लावून तोडलं असेल,” एक जण म्हणाला.

“बाहेरगावच्या माणसाने तोडलं असेल,” दुसरा म्हणाला.

“तांडेवाल्यांनी!” तिसरा ओरडला, आणि लोकांना ते एकदम पटलं, कारण तांडेवाले आता तिथे नव्हते.

तेव्हा ठमा बोलली. सकाळपासून ती विचारलेल्या प्रश्नांपलीकडे बोलली नव्हती.

“आजीने आत्ताच सांगितलं ना,” ती म्हणाली. “कुऱ्हाड लावणाऱ्याचे हात काळे होतात. गावात बिब्ब्याने काळे झालेले हात एकाचेही नाहीत. मग गावातल्या कुणी कुऱ्हाड लावली नाही, एवढं ठरलं. तांडेवाल्यांवर घसरण्याआधी मला एक सांगा. झाडाला कुऱ्हाड लागली आहे हे कुणी पाहिलं?”

सगळ्यांनी गुरवाकडे पाहिलं.

“मी... मी झाड पडलेलं पाहिलं,” गुरव म्हणाला.

“घाव पाहिलात?”

“चीक वाहत होता, बाई. कोण जाणार जवळ?”

“कुऱ्हाडीने झाड पडतं,” ठमा म्हणाली. “पण पडलेलं प्रत्येक झाड कुऱ्हाडीनेच पडतं का?”

राहीआजी तिच्याकडे बघत राहिली. पाटलांचा चेहरा उतरला. आपण सकाळपासून ज्या अटीवर निकाल देत होतो, ती पुरी झाली की नाही हे आपण पाहिलंच नाही, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.

पाटील, गुरव आणि लोहार असे तिघे हातापायांना आणि तोंडाला खोबरेल चोपडून देवराईत गेले. बाकी गाव दगडापाशी थांबलं. दुपार कलली होती. बऱ्याच वेळाने लोहाराचा आवाज आला. कुऱ्हाडींचा धंदा त्याचा, तेव्हा त्याचं बोलणं शेवटचं होतं.

“घाव नाही!” तो आतून ओरडला. “एकही घाव नाही! ढलपी नाही! बुंधा आतून पोकळ आहे. सगळी वाळवी लागलीय. मुळं पार खाल्लीत. आपल्या वजनाने पडलंय हे झाड!”

तिघे परत आले तेव्हा पाटलांच्या हातात वाळवीने खाल्लेल्या मुळाचा तुकडा होता. कापडात धरलेला. त्यांनी तो दगडापाशी ठेवला. बोटाने दाबला तर त्याची माती झाली.

गुन्हेगार नव्हताच. गुन्हाही नव्हता. सकाळपासून गावाने जे काही केलं होतं, ते एका म्हाताऱ्या झाडाच्या पडण्यावरून केलं होतं.

पाटील भल्या मोठ्या जमावापुढे ठमाजवळ गेले आणि त्यांनी हात जोडले. “ठमाबाई, चुकलं. निकाल मागे घेतो. मडकी, रांजण, जे मोडलं ते सगळं गाव भरून देईल.”

“मडकी द्याल,” ठमा म्हणाली. “रांजणही द्याल. पण आतली नीळ तीन वर्षांची होती. ती कशी भरून देणार?”



संध्याकाळी तुळसा ठमाच्या दारात आली. अंगणातली माती अजून निळी होती. तुळसा त्या निळ्या मातीवर पाय न ठेवता बाजूने आली. तिच्या हातात झाकलेलं ताट होतं.

“ठमा,” ती म्हणाली, “मी खोटं नव्हते बोलले. तू गेलीस हे मी खरंच पाहिलं होतं.”

“नाही बोललीस खोटं,” ठमा म्हणाली. “पण मी कशाला गेले होते, हे मला विचारायचंस. आपल्यात एक भिंत होती नुसती.”

तुळसा रडली. ठमाने तिचं ताट घेतलं, कारण दारात आलेलं अन्न परतवू नये असं तिला शिकवलं होतं. पण त्या दिवसापासून ठमाच्या घरातून तुळसाच्या घरात कालवण गेलं नाही.

दहा दिवसांनी सगुणा बाळंत झाली. मुलगी झाली. राहीआजीने न्हाऊ घातलं. सव्वा महिना झाल्यावर ठमाने सामान बांधलं. शिक्षा नव्हती, कुणी जा म्हटलं नव्हतं. उलट अर्धं गाव शिवेपर्यंत तिला अडवत आलं. पाटील म्हणाले, “आता कुणाचा तुझ्यावर संशय नाही, ठमाबाई.”

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. “पण मला तुमच्यावर आहे. उद्या गावात काही हरवलं, काही मोडलं, तर तुमच्या नजरा आधी कुठे वळतील हे मी रोज बघत बसेन. असं जगता येत नाही.”

ती खालच्या मुलखात नदीकाठच्या एका गावात जाऊन राहिली. तिथे तिने पुन्हा निळीचा रांजण घातला.

डोंगरावरच्या गावात मग रंगारी आलाच नाही. लग्नं ठरली की नवरीची माणसं दिवसभर चालून नदीकाठी जायची आणि ठमाकडून लुगडी रंगवून आणायची. ठमाने कुणालाही परत पाठवलं नाही. एका वर्षी तुळसाही आली. तिच्या लेकीचं लग्न होतं. ठमाने लुगडं घेतलं, रंग कुठला हवा ते विचारलं, आणि ते इतकं सुरेख लाल रंगवलं की तुळसाच्या डोळ्यांत पाणी आलं. ठमाने तिला पाणी दिलं, गूळ दिला. पण आत बस असं काही ती म्हणाली नाही. तुळसा ओसरीच्या कडेला बसून राहिली आणि लुगडं वाळल्यावर ते घेऊन डोंगर चढू लागली.

मुलांनो, आणि मोठ्या माणसांनो, बोध एवढाच : अट खरी ठरली की फळ खरं ठरतं, पण फळ दिसलं म्हणून अट खरी ठरत नाही, तेव्हा कुणावर बोट रोखण्याआधी आपल्या बोलण्यातलं ‘जर’ कुठलं आणि ‘तर’ कुठलं, हे नीट ओळखावं.